पिंग होतंय, पण मीटर बोलत नाही : लॅन-जीपीआयबी कंट्रोलर बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या प्रयोगशाळेत दर जुलैला नवी बॅच येते आणि तेच प्रश्न नव्याने येतात. उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून ती एकदाची लिहून काढली आहेत. उदाहरणं विंडोजवरची आहेत, लिनक्सचा प्रश्न शेवटाकडे आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.

लॅन-जीपीआयबी कंट्रोलर हा डबा नेमका करतो काय?

दुभाष्याचं काम करतो. तुमच्या मल्टिमीटरच्या पाठीमागे चोवीस पिनांचं रुंद, स्क्रूवालं कनेक्टर आहे, ते जीपीआयबी. ह्यूलेट-पॅकार्डने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत स्वतःच्या उपकरणांसाठी काढली, म्हणून जुन्या यंत्रांवर 'एचपी-आयबी' लिहिलेलं दिसतं. १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ या नावाने मानक झाली. कॉम्प्युटरला ही भाषा येत नाही, त्याला इथरनेट येतं. मधला डबा एका बाजूने नेटवर्कच्या केबलीतून तुमची आज्ञा घेतो, दुसऱ्या बाजूने ती जीपीआयबीच्या तारांवर ठेवतो आणि उत्तर उलट वाटेने परत आणतो.

एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुढची निम्मी भानगड मिटते. वाट दोन तुकड्यांची आहे. कॉम्प्युटर ते डबा हा एक तुकडा, डबा ते मीटर हा दुसरा. पिंग म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' अशी मारलेली हाक. तिला उत्तर आलं म्हणजे पहिला तुकडा धड आहे. दुसऱ्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

यूएसबीवाला कंट्रोलर मिळतो की. मग नेटवर्कचा कशाला?

टेबलावर एकच मीटर आणि शेजारीच कॉम्प्युटर असेल तर यूएसबीवालाच घ्या, भांडण नाही. नेटवर्कवाला तीन ठिकाणी कामी येतो. चुंबक किंवा भट्टी एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असाल तर इथरनेटची केबल शंभर मीटरपर्यंत जाते. कॉम्प्युटर बदलला, विंडोज नवं आलं, तरी डब्यासाठी ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही, नेटवर्क सगळ्यांनाच येतं.

तिसरं कारण फारसं कोणी सांगत नाही, पण सूक्ष्म व्होल्टेज मोजणाऱ्यांना ते महत्त्वाचं आहे. यूएसबीच्या केबलीतून कॉम्प्युटरची ग्राउंड सरळ उपकरणाच्या ग्राउंडला जोडली जाते. मग कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याचा (एसएमपीएसचा) गोंगाट तुमच्या नॅनोव्होल्टमध्ये येऊन बसतो. इथरनेटच्या पोर्टात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या, बिनशील्डच्या केबलीतून हा दुवा तुटतो. शील्डवाली भारी केबल आणलीत तर तो परत जुळू शकतो. इथे स्वस्त केबलच बरी.

माझ्याकडचा डबा कोणत्या जातीचा आहे, हे कसं ओळखायचं?

ढोबळमानाने दोन जाती. पहिली म्हणजे गेटवे. हे डबे व्हीएक्सआय-११ हा प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून उपकरणांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, बोलतात, कीसाइटचा ई५८१० त्यातला. व्हिसा सॉफ्टवेअरला (ते काय, हे पुढे येतं) ते थेट कळतात आणि पलीकडचं मीटर जणू कॉम्प्युटरलाच लावलं आहे असं दिसतं. दुसरी जात साध्या टीसीपी सॉकेटची, म्हणजे नेटवर्कवरून सरळ अक्षरं पाठवण्या-घेण्याच्या जोडणीची. प्रोलॉजिक्सचा जीपीआयबी-इथरनेट हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. तो पोर्ट १२३४ वर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्वतःच्या त्या नंबरच्या दारावर, कान देऊन बसतो, तुम्ही ओळ पाठवता, तो ती मीटरला देतो. दोन अधिक चिन्हांनी सुरू होणारी ओळ मात्र तो स्वतःसाठीची समजतो.

पहिली जात महाग आणि सोयीची. दुसरी स्वस्त, थोडं काम मागणारी, पण आत काय चाललंय ते उघडं दाखवणारी. शिकणाऱ्याने दुसरीवर हात बसवावा असं माझं मत आहे. पुढची बरीचशी उत्तरं तिच्याबद्दलच आहेत.

कॉम्प्युटरवर काय काय टाकावं लागतं?

सॉकेटवाला डबा असेल तर खरं म्हणजे काहीच नाही. पुटी हा जोडणी उघडून ओळी टाइप करायचा छोटा प्रोग्रॅम असला की पहिली चाचणी होते आणि पायथन असलं की बाकीचं सगळं.

गेटवे असेल, किंवा लॅबव्ह्यू या उपकरणं चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला जुना प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर व्हिसा लागतं. हा पासपोर्टवरचा शिक्का नव्हे. उपकरणांशी बोलण्याची ही एक सामाईक लायब्ररी आहे आणि नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स, कीसाइट, ऱ्होड अँड श्वार्ट्झ या सगळ्यांच्या तिच्या स्वतःच्या आवृत्त्या आहेत. पायथनवाल्यांनी त्यावर पायव्हिसा टाकायचं. मोठं सॉफ्टवेअर नकोच असेल तर पायव्हिसा-पाय हे पूर्ण पायथनमध्ये लिहिलेलं पर्यायी इंजिन मिळतं आणि नेटवर्कच्या कामाला ते पुरतं.

टाकताना दोन गोष्टी पाळा. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टाका आणि शेवटी रिस्टार्ट मागितला तर खरोखर रिस्टार्ट करा. 'नंतर करतो' म्हणणारे दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात.

दोन कंपन्यांचं व्हिसा एकाच कॉम्प्युटरवर चालतं का?

चालतं, पण एका घरात दोन कारभारी अशी गत होते. एकाला प्रायमरी करायचं, दुसऱ्याला सेकंडरी. टाकताना तसा पर्याय विचारला जातो, तो वाचायचा. प्रोग्रॅमला व्हिसाच सापडत नाही अशी चूक आली तर आधी बत्तीस बिट की चौसष्ट बिट ते पाहा. बत्तीस बिटांच्या पायथनला चौसष्ट बिटांची लायब्ररी उघडता येत नाही. जुन्या लॅबव्ह्यूच्या बाबतीतही हेच.

आयपी कोणता द्यायचा? डीएचसीपीवर सोडलं तर?

बहुतेक डबे डीएचसीपीवर येतात, म्हणजे राउटर देईल तो आयपी घेतात. पहिल्या दिवशी ते सोयीचं वाटतं. मग एक दिवस लाइट जाते, राउटर नव्याने सुरू होतो, डब्याला वेगळा आयपी मिळतो आणि काल रात्री चाललेला प्रोग्रॅम आज सकाळी 'जोडणी नाही' म्हणतो. पुण्यात गुरुवारचा शटडाऊन ठाऊक असलेल्यांना जास्त सांगायला नको.

दोन उपाय आहेत. राउटर तुमच्या ताब्यात असेल तर त्यात डब्याच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क पोर्टाचा कारखान्यातून आलेला क्रमांक) आयपी राखून ठेवा. हा सगळ्यात चांगला, कारण डब्याला हातच लावावा लागत नाही. नसेल तर डब्यातच स्थिर आयपी घाला, समजा १९२.१६८.१.५०, आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. हा आयपी राउटर दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, एवढी खात्री करा. नाहीतर कोणाचा तरी मोबाईल तोच आयपी घेऊन बसतो आणि जोडणी मधूनच येते, मधूनच जाते. असा संशय आला तर कमांड प्रॉम्प्टवर 'एआरपी -ए' देऊन त्या आयपीसमोर दिसणारा मॅक पत्ता डब्यावरच्या स्टिकरशी ताडून पाहा.

आणि आयपी डब्यावर लिहा. पांढरी चिकटपट्टी, काळा मार्कर. वहीत लिहिलेला आयपी वहीवाल्याबरोबर पासआउट होतो.

डबा कॉलेजच्या नेटवर्कला लावला, तर तो दिसतच नाही.

दिसणार नाही. बऱ्याच संस्थांमध्ये नेटवर्क वापरण्याआधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, किंवा नोंदवलेल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश असतो. डब्याला पासवर्ड टाइप करता येत नाही. शिवाय तुमचा लॅपटॉप वायफायवर आणि डबा भिंतीतल्या पोर्टावर असेल तर दोघे दोन वेगळ्या नेटवर्कवर असण्याची शक्यता मोठी. शोधून काढणारी सॉफ्टवेअरं हाक मारतात ती आपल्याच वाड्यापुरती. ती हाक राउटर ओलांडत नाही.

नेटवर्कवाल्यांशी पत्रव्यवहार करत बसू नका. एक साधा पाच पोर्टांचा स्विच आणा, उपकरणांचं नेटवर्क वेगळं करा आणि कॉम्प्युटरला दुसरं नेटवर्क कार्ड द्या. यूएसबी-लॅनचा तुकडाही चालतो. या दुसऱ्या कार्डावर आयपी आणि मास्क भरायचा, 'डीफॉल्ट गेटवे'ची (म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या आयपीची, वरचा गेटवे डबा नव्हे) जागा मोकळी सोडायची. ती भरलीत तर कॉम्प्युटर इंटरनेटसाठीही याच वाटेने जाऊ पाहतो आणि मग 'कंट्रोलर लावल्यापासून इंटरनेट गेलं' अशी तक्रार येते.

स्विचही नाही. सरळ कॉम्प्युटरलाच केबल लावली तर?

लावा. क्रॉसओव्हर केबलीचे दिवस गेले, आजचे गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल आपण होऊन ओळखतात. आयपी द्यायला मध्ये कोणी नसल्यामुळे कॉम्प्युटर थोडा वेळ वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी स्वतःच घेतो. डबाही तसं करणारा असेल तर मिनिटभराने दोघं भेटतात. त्यावर विसंबण्यापेक्षा दोन्हीकडे हाताने आयपी घाला : कॉम्प्युटर १९२.१६८.१.१०, डबा १९२.१६८.१.५०.

आयपी बरोबर आहे, पिंगही होतंय. पुढची पायरी कोणती?

आता पोर्ट. पुटी उघडा, जोडणीचा प्रकार 'रॉ' निवडा, एसएसएच नव्हे. आयपी आणि पोर्ट १२३४ भरा. काळी खिडकी उघडून शांत राहिली तर जोडणी झाली. लगेच बंद झाली किंवा नाकारली तर पोर्ट चुकला, नाहीतर दुसरं कोणीतरी आधीच जोडलेलं आहे. असे डबे बऱ्याचदा एका वेळी एकालाच भेटतात. शेजारच्या टेबलावर कोणी प्रोग्रॅम अर्धवट सोडून चहाला गेलंय का, ते पाहा.

खिडकीत '++व्हीईआर' टाइप करून एंटर दाबा. डब्याने स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगितली की पहिला तुकडा संपला. मीटरची आठवण इथपर्यंत काढायचीच नाही.

मग क्रमाने : '++मोड १', म्हणजे डबा बसचा, अर्थात जीपीआयबीच्या सामाईक तारांचा, मालक. '++ऑटो ०', याचं कारण पुढे येतं. '++एडीडीआर २२', म्हणजे बावीस नंबरच्या उपकरणाशी बोलायचंय. मग '*आयडीएन?', तू कोण असं विचारलं. आणि शेवटी '++रीड ईओआय', दे उत्तर. मीटरने कंपनी, मॉडेल, क्रमांक, फर्मवेअर असं स्वल्पविरामांनी तोडलेलं उत्तर दिलं की पेढे वाटायला हरकत नाही.

गेटवेवाल्यांना पुटीऐवजी व्हिसाच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता भरायचा असतो. तो 'टीसीपीआयपी०', मग दोन वेळा अपूर्णविराम, आयपी, पुन्हा दोन अपूर्णविराम, 'जीपीआयबी०,२२', पुन्हा दोन अपूर्णविराम आणि 'इन्स्टर' असा बनतो. यात बावीसच्या आधी साधा स्वल्पविराम आहे. तिथे अपूर्णविराम टाकून तास घालवलेले लोक मी पाहिलेत, त्यात मीही आहे.

डबा बोलतो, मीटर बोलत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा निवांत सांगतो.

आधी मीटरचा जीपीआयबी पत्ता बघा. हा आयपी नव्हे. हा ० ते ३० मधला एक आकडा असतो, उपकरणाच्या मेनूत किंवा जुन्या यंत्रांच्या पाठीवरच्या डिप स्विचात ठेवलेला. कारखान्यातून ३४४०१ए हा मल्टिमीटर २२ वर येतो, कीथली २००० हा १६ वर, कीथली २४०० हा २४ वर, एसआर८३० लॉक-इन ८ वर. पण तुमचं यंत्र याआधी कोणाच्या हातातून गेलंय ते सांगता येत नाही, तेव्हा डोळ्यांनी बघा.

काही उपकरणांत जीपीआयबी आणि आरएस-२३२ (सिरियल पोर्ट) यांतलं एकच चालू असतं. मेनूत सिरियल निवडलेलं असेल तर केबल कितीही घट्ट बसवा, उत्तर येणार नाही. एसआर८३० चा तर आणखी एक विशेष आहे : उत्तर कोणत्या दाराने पाठवायचं तेही त्याला सांगावं लागतं. सुरुवातीलाच 'ओयूटीएक्स १' पाठवा, नाहीतर ते ऐकतं सगळं पण उत्तर सिरियलकडे धाडतं.

मग पत्त्यांची टक्कर. ३४५८ए आणि ३४४०१ए हे दोन्ही मीटर कारखान्यातून २२ वर येतात आणि एकाच टेबलावर दोन्ही असणं काही नवलाचं नाही. आमच्याकडे अशीच दोन यंत्रं एका पत्त्यावर लागली होती. प्रश्न एक, उत्तर द्यायला दोघं उभे, आणि हाती येणारं वाक्य ना याचं ना त्याचं. मुलगी दोन दिवस केबली बदलत राहिली. तिसऱ्या दिवशी मी एक मीटर सोडवून बाजूला ठेवला, तेव्हा दुसरा शहाण्यासारखा बोलायला लागला. म्हणून नियम असा, की पहिल्यांदा एकच उपकरण लावायचं. ते बोललं की दुसरं.

आणि कधीकधी मीटर बरोबर असतो, प्रश्नच त्याच्या भाषेतला नसतो. '*आयडीएन?' ही आज्ञा १९८७ च्या आयईईई ४८८.२ मधली. सगळ्यांच्या आज्ञा एकसारख्या करणारी एससीपीआय ही बोली १९९० ची. त्याआधीच्या वळणाच्या यंत्रांची बोली वेगळी. ३४५८ए ला नाव विचारायचं तर 'आयडी?' असं विचारावं लागतं. शिवाय वाक्य संपल्याची खूण तो आपण होऊन देत नाही, 'एंड ऑलवेज' असं आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर '++रीड ईओआय' त्या खुणेची वाट पाहत बसतं. मॅन्युअल काढून वाचण्यावाचून इथे गत्यंतर नाही.

वाक्य संपल्याची खूण म्हणजे काय?

फोनवर बोलताना समोरच्याचं बोलणं संपलं हे आपल्याला सुरावरून कळतं. यंत्राला सूर नाही, खूण लागते. ती दोन प्रकारची : ओळीच्या शेवटी येणारं अदृश्य अक्षर, किंवा ईओआय नावाची स्वतंत्र तार शेवटच्या अक्षराबरोबर हलवणं. डब्यात '++ईओआय १' ठेवा. '++ईओएस' मध्ये ० म्हणजे सीआर आणि एलएफ (ही ओळ संपवणारी दोन अदृश्य अक्षरं) दोन्ही, १ म्हणजे फक्त सीआर, २ म्हणजे फक्त एलएफ, ३ म्हणजे काहीच नाही. मी सहसा २ पासून सुरुवात करतो.

आज्ञा दिली की मीटर किंचाळतो आणि वजा ४२० ही चूक दाखवतो.

'++ऑटो' चालू राहिलंय. ते चालू असताना डबा प्रत्येक ओळीनंतर मीटरला लगेच बोलायला लावतो. तुम्ही 'रेंज बदल' एवढंच सांगितलेलं असतं, त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं, पण मीटरला उभं केलं जातं. बिचारा गोंधळतो आणि ती चूक नोंदवतो. '++ऑटो ०' ठेवा आणि प्रश्नचिन्ह असलेल्या आज्ञेनंतरच '++रीड ईओआय' पाठवा.

छोटी मोजणी होते, पण अचूक मोजणी लावली की टाइमआउट येतो.

हिशेब करून पाहू. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. ३४४०१ए वर सगळ्यात शांत मोजणी १०० आवर्तनांची, म्हणजे २ सेकंद. ऑटोझीरो चालू असेल तर मीटर प्रत्येक वेळी शून्यही मोजतो, म्हणजे ४ सेकंद. आता डब्याकडे या. '++रीड_टीएमओ_एमएस' या आज्ञेने तो किती वाट पाहील ते ठरतं आणि प्रोलॉजिक्समध्ये ही मर्यादा जास्तीत जास्त ३००० मिलिसेकंद, म्हणजे ३ सेकंद आहे. मीटरला ४ लागतात, डबा ३ पाहतो. दोघांचंही चुकलेलं नाही.

तोड अशी, की 'रीड?' या एका आज्ञेत सगळं मागू नका. 'इनिट' पाठवून मोजणी सुरू करा, प्रोग्रॅममध्ये पाच सेकंद थांबा, मग 'फेच?' ने तयार झालेला आकडा मागा. मीटर लगेच देतो. व्हिसावाल्यांचा प्रश्न सोपा आहे : तिथला टाइमआउट मुळात बहुधा २००० मिलिसेकंद असतो, तो दहा हजार करून टाका. घाईघाईने आवर्तनं कमी करून टाइमआउट घालवू नका. त्याने चूक दिसेनाशी होते आणि मोजणीही बिघडते.

जीपीआयबीच्या किती केबली, किती उपकरणं?

कंट्रोलर धरून पंधरा. केबलीची एकूण लांबी २० मीटर, किंवा उपकरणामागे २ मीटर, यांतलं जे कमी ते. कनेक्टर एकावर एक चढवता येतात, पण तीनपेक्षा जास्त चढवले की वजनानेच मीटरचं सॉकेट वाकतं.

लावलेली उपकरणं निदान दोन तृतीयांश तरी चालू असावीत. 'हे सध्या वापरत नाही' म्हणून बंद ठेवलेलं यंत्र तारांवर ओझं होऊन लटकलेलं असतं. वेगाचंही तसंच. आज्ञा ऐकणाऱ्यांपैकी सगळ्यात सावकाश यंत्राने अक्षर घेतलं असं सांगेपर्यंत पुढचं अक्षर येतच नाही. सगळ्यात सावकाश जेवणारा हात धुवेपर्यंत पंगत उठत नाही, तसं.

स्क्रू पाहून घ्या. काळे मेट्रिक आट्यांचे, जुने चंदेरी इंग्लिश आट्यांचे. एकमेकांत पिळून बसवू नका.

प्रोग्रॅम थांबला, आणि आता मीटरची बटणंच चालत नाहीत.

मीटर रिमोटमध्ये आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या ताब्यात. पुढच्या पॅनलवर 'लोकल' असं लिहिलेलं बटण दाबा. तेही दाद देत नसेल तर '++एलओसी' पाठवा. मीटर अर्ध्या वाक्यात अडकला असेल तर '++सीएलआर', आणि सगळी बसच लटकली असेल तर '++आयएफसी'. मेन्स बंद-चालू करणं हा शेवटचा उपाय. सोर्स मीटर नमुन्याला करंट देत असताना तर मुळीच नाही.

रात्रभर लावलेला प्रयोग पहाटे तुटलेला सापडतो.

पहिला आरोपी कॉम्प्युटरची झोप. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'वीज वाचवण्यासाठी हे बंद करू दे' या खुणेवरची टिकही काढा. दुसरा आरोपी अपडेट, ते पुढे ढकला.

तिसरा आरोपी लाइट. कॉम्प्युटर यूपीएसवर, मीटर यूपीएसवर आणि स्विच मात्र भिंतीच्या सॉकेटवर, ही मांडणी मी इतक्यांदा पाहिली आहे की आता खोलीत शिरल्यावर आधी स्विचची वायर कुठे जाते ते बघतो. डब्याचा अॅडॉप्टरही यूपीएसवरच हवा.

प्रोग्रॅमही थोडा सोशिक लिहा. जोडणी तुटली तर थांबून पुन्हा जोडायची आणि प्रत्येक आकडा आला की तिथल्या तिथे फाइलमध्ये लिहायचा. सगळे आकडे मेमरीत साठवून सकाळी एकदम लिहिणारा प्रोग्रॅम सकाळ बघेलच असं नाही. असा सतत चालणारा प्रोग्रॅम सुरुवातीलाच '++सेव्हसीएफजी ०' पाठवत असावा. नाहीतर पत्ता बदलला की डबा ती नोंद दर वेळी स्वतःच्या कायमच्या मेमरीत लिहितो आणि अशा लिहिण्याला आयुष्यमर्यादा असते. दोन मीटरांना आलटून पालटून विचारणारा प्रोग्रॅम एका रात्रीत हजारो वेळा पत्ता बदलतो.

चौथं म्हणजे वळीव. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेल्या केबलीने आमचा स्विच आणि डब्याचा पोर्ट दोन्ही नेले. पोर्टातले छोटे ट्रान्सफॉर्मर विजेपुढे काय टिकणार? आता इमारतींमधला तुकडा फायबरचा आहे.

घरून मीटर बघता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडला तर?

नको. या डब्यांच्या सॉकेटला पासवर्ड नसतो. ज्याला आयपी आणि पोर्ट सापडला तो तुमच्या पॉवर सप्लायला व्होल्टेज वाढवायला सांगू शकतो. घरूनच बघायचं असेल तर संस्थेच्या व्हीपीएनने आधी प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर या आणि तिथून मीटरशी बोला.

लिनक्सवर?

उलट सोपं. कर्नलचा ड्रायव्हर बांधायची कटकट आत बसवायच्या कार्डांना असते, नेटवर्कच्या डब्याला नाही. पुटीच्या जागी नेटकॅट, व्हिसाच्या जागी पायव्हिसा-पाय, किंवा सरळ पायथनचं सॉकेट मॉड्यूल. रास्पबेरी पायवरही चालतं.

नव्या मीटरला स्वतःचाच लॅन पोर्ट आहे. त्यालाही डबा हवा का?

नको. ती एलएक्सआय (लॅनवरून चालणाऱ्या उपकरणांचं मानक) जातीची यंत्रं, नेटवर्कची केबल थेट त्यांनाच लावायची. बऱ्याच यंत्रांत साध्या एससीपीआय सॉकेटसाठी पोर्ट ५०२५ असतो, हायस्लिप या व्हीएक्सआय-११ च्या नव्या पर्यायासाठी ४८८०. व्हीएक्सआय-११ आधी पोर्ट १११ वर विचारणा करतो आणि मग भलत्याच पोर्टवर बोलतो, म्हणून फायरवॉल मध्ये असली की तो रुसतो. अशा वेळी हायस्लिप वापरा. आयपीचा घोळ झाला तर 'लॅन रिसेट'चं बटण किंवा मेनू शोधा, एलएक्सआय यंत्रांत तो असतोच.

सगळं करून पाहिलं. आता तुम्हाला विचारायचंय. सोबत काय देऊ?

डब्याचं मॉडेल आणि '++व्हीईआर'चं उत्तर. मीटरचं मॉडेल आणि त्याच्या पडद्यावर दिसणारा पत्ता. पिंगचं उत्तर जसंच्या तसं. पुटीत तुम्ही काय टाइप केलंत आणि काय आलं, त्याचा स्क्रीनशॉट. बसला एकूण किती यंत्रं लावली आहेत आणि त्यांतली किती चालू आहेत. आणि मागच्या बाजूच्या केबलींचा एक फोटो, उजेडात काढलेला. नुसतं 'सर, चालत नाहीये' असं रात्री साडेअकराला पाठवलंत तर मी सकाळी एवढंच विचारणार आहे : स्विचची वायर कुठे लावली आहे?